आधीच्यापेक्षा बदल नाही

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याच खुर्चीत बसून तुला लिहितो आहे, म्हणून आधी माफी मागून ठेवतो. खुर्ची मी खाली केली आहे. तू चणीने एवढी लहान आणि खुर्ची एवढी उंच का, हे कोडं मला सुटलं नाही. पाय लोंबकळवत बसत असशील. गुडघा कसा आहे ते कळव आणि लेकीच्या घरचे जिने चढउतार करू नकोस. ऑपरेशन नवीन आहे, गुडघा काही लोखंडाचा नाही. म्हणजे आहे, पण तू तो लगेच वापरून दाखवायची गरज नाही.

तुझा क्ष-किरण विभाग मला आजवर तुझ्या तक्रारींतूनच माहीत होता. आता आतून बघतो आहे. चार टेबलं, फोटो लावायच्या चार दिव्याच्या पेट्या आणि माणूस एक, तोही महिन्याभराचा पाहुणा. दारावरच्या खाचेत डॉक्टरच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी सरकवतात ना, तिथे माझी घालायला गेलो तर आतून आधीच्या सहा जणांच्या निघाल्या. काढायची तसदी कुणी घेतली नव्हती. एक जण चष्मा विसरून गेला आहे, एकाची चप्पल टेबलाखाली आहे. ती अनवाणी स्वारी आता कुठे असेल कोण जाणे.

काल वॉर्डातून फोन आला. मी मागे एका बाईंच्या मूत्रपिंडाबद्दल जे लिहिलं त्याचा अर्थ काय, असं विचारत होते. ते मी लिहिलेलं नाही म्हटलं, तर मग ज्यांनी लिहिलं त्यांना द्या म्हणाले. आता कुठून देऊ? शेवटी बाईंचे फोटो मागवले. एकाच मूत्रपिंडाबद्दल तिघांनी तीन तऱ्हा लिहिल्या होत्या, चौथी माझी. आम्हा हंगामी डॉक्टरांना फोटोमागे पैसे, तेव्हा जो तो ढीग कधी संपतो तेच बघतो. त्यात माझंही बोट आहे, उगाच साव होत नाही.

तू मला पाहुणा डॉक्टर म्हणतेस ते मी कौतुक समजतो. एक डिसेंबरपासून दुसऱ्या रुग्णालयाला शब्द दिला आहे. एका जागी फार बसलं की माणसाला बुरशी येते हे माझं मत तुला ठाऊक आहे. बॅग अजून पुरती उघडलेली नाही.

लोभ आहेच. खुर्चीपायी तो कमी होऊ नये.

तुझा,
धाकटा


७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची होती तेवढी वर कर. खाली बसलं की पेटीकडे बघायला मान उचलावी लागते, मान दुखायला लागली की माणूस फोटो उरकायला लागतो. पाय लोंबकळले तरी चालतील. हे मला माझ्या सरांनी शिकवलं आणि ते सहा फूट उंच होते, तेव्हा बुटकेपणाचे विनोद तुझ्या बॅगेत घाल.

गुडघा वाकतो आहे. घराला नवा रंग दिलाय, त्या वासाने खोकला तेवढा पाठ सोडत नाही. तुझी भाची शाळेत शिकवून आली की मला मुलांसारखी रांगेत उभी करून व्यायाम करून घेते. मी तिला कधी एवढं छळलं होतं ते आठवत नाही.

आता काम. दर शनिवारी फेरतपासणी करायची, ती मी नसले तरी चुकवू नकोस. नोंदणीवाल्या बाई कपाटातून डोळे मिटून दहा जणांची पाकिटं काढतील, त्यांची तळघरातली जुनीही आणतील, आणि प्रत्येक फोटोवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून देतील. नाव न बघता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो ओळीने लावायचे, आपलं मत लिहायचं, मगच पट्टी सोडवून आधीचे रिपोर्ट बघायचे. रोजच्या कामात तुम्हा लोकांच्या हातात शेवटचं पाकीट तेवढं पडतं. जुनी तळघरात असतात, आणि तळघरात जायला फोटोमागे पैसे घेणाऱ्याला वेळ कुठला.

मी असताना हे निभत होतं असं समजू नकोस. आम्ही चौघं कायम होतो तेव्हा दुसऱ्याची चूक जेवायच्या सुट्टीत कळायची आणि तिथेच निस्तरायची. एक निवृत्त झाला, एक परदेशी गेला, तिसरीला कंटाळा आला. अधीक्षकांना वाटतं हंगामी माणूस स्वस्त पडतो, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. माझे स्वतःचेच फोटो घे. आपला नि आपल्या माणसाचा फोटो आपण वाचायचा नाही हा सरांचा नियम मी कधी मोडला नाही. भूल देणाराही हंगामी, त्याचा पत्ता नसायचा, म्हणून माझं ऑपरेशन तीनदा पुढे गेलं. दर वेळी छातीचा नवा फोटो आणि वाचायला नवा पाहुणा. पहिल्यानंतरच्या प्रत्येकाने एकच ओळ लिहिली, आधीच्यापेक्षा बदल नाही. पूर्वी शेजारच्या टेबलावरून कुणीतरी निदान माझी थट्टा तरी केली असती.

कायम जागेची जाहिरात फळ्यावर लागली आहे. चष्मा नसेल तर त्या विसरभोळ्याचा लाव आणि वाच. मी पुन्हा सांगणार नाही, असं मागच्या वेळीही म्हटलं होतं.

प्रेम आहे, ते खुर्चीच्या उंचीवर अवलंबून नाही.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर धाडतो आहे. घरी फोन केला तर तुझी आई पहिल्या घंटेला उचलते. तिचा पाय जागचा हलत नसला तरी हात लांब आहे. वर्गात वाचू नकोस. कुठेतरी बसून वाच.

शनिवारी तिच्या सांगण्याप्रमाणे फेरतपासणी केली. सातव्या रुग्णाची पाकिटं उघडली. एकाच व्यक्तीचे छातीचे चार फोटो, सव्वा वर्षात काढलेले. डाव्या बाजूची एक बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली होती, ती मी गंमत म्हणून बघत राहिलो. मग उजवीकडे वर, कॉलरबोनच्या मागे, एक सावली दिसली. पहिल्या फोटोत शर्टाच्या बटणाएवढी, तीही हाडाआड लपलेली. शेवटच्या फोटोत कोटाच्या बटणाएवढी. चारही शेजारी लावले की शिकाऊ माणसालाही दिसेल. मी कागदावर लिहिलं की ही गाठ वाढते आहे, या माणसाला ताबडतोब बोलवा. आणि पट्टी सोडवली.

ती बरगडी मला ओळखायला हवी होती. लहानपणी माझा चेंडू काढायला तुझी आई कुंपणावर चढली आणि पडली, तेव्हा मोडलेली आहे ती.

चिमणे, कुणी खोटं लिहिलेलं नाही. पहिल्याने लिहिलं की जुना व्रण असावा, जुन्या फोटोशी ताडून बघा. ताडून कोण बघणार, तो तर आठवड्यात निघून गेला. दुसऱ्याने आपला फोटो पहिल्याशी लावून बघितला, फरक केसाएवढा, लिहिलं बदल नाही. तिसऱ्याने दुसऱ्याशी, चौथ्याने तिसऱ्याशी. मूल रोज बघणाऱ्याला त्याची उंची वाढलेली कळत नाही, तसं झालं. पहिला आणि चौथा शेजारी ठेवून कुणीच पाहिले नाहीत. जिने पाहिले असते ती नियम पाळत बसली.

ही गाठ वाईट असेलच असं नाही, पण वाईट असेल असं धरूनच आता चाललं पाहिजे. तिचा खोकला कधीपासूनचा आहे? वजन उतरलं आहे का? तुमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या छातीच्या सर्जनना मी लिहितो आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत तिला बोलू नकोस. अर्धवट सांगितलं तर ती उरलेलं स्वतः शोधेल.

तुझा,
मामा


११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खुर्ची वर केली, तुझं म्हणणं बरोबर होतं. फेरतपासणी झाली, दहाच्या दहा ठीक निघाले. जाहिरातही वाचली, विचार करतो.

थंडी पडायला लागली आहे, खोकल्याला जप. गुडघ्याच्या निमित्ताने तिथल्या मोठ्या रुग्णालयात एकदा सगळीच तपासणी करून घेतलीस तर बरं, असं आपलं मला वाटतं. बाकी विशेष काही नाही.

लोभ असावा.

तुझा,
धाकटा


१४ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला मुलांना चित्र काढायला सांगून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

खोकला रंगाचा नाही. रंग दिवाणखान्याला दिलाय, आणि ती उन्हाळ्यात आली होती तेव्हाही खोकतच होती. पोलकी सैल झालीत. मी शिलाई घालून दिली तर म्हणाली, गुडघ्याचं वजन कमी झालं बघ. आम्ही दोघी हसलो होतो, मामा. मी तेव्हा हसले याचा मला आता राग येतोय.

रागाचंच बोलायचं तर मला कुणावर रागवायचं तेच कळत नाही. चार सह्या आहेत म्हणतोस. ती चार माणसं कुठे आहेत? त्यांना कधी कळणार तरी आहे का, की त्यांनी जिला बदल नाही लिहिलं ती, ते ज्या विभागात बसले होते त्याचीच प्रमुख होती? माझ्या वर्गात मुलाला वाचता येत नसेल तर पुढच्या वर्षीच्या बाई येऊन मला विचारतात. तुमच्यात कोण कुणाला विचारतं? तूही त्यांच्यातलाच आहेस, आज इथे, उद्या तिथे. दुखवायचं म्हणून लिहीत नाही. पण लिहिल्यावर खोडावंसंही वाटत नाही.

तिच्याशी खोटं बोलणं मला जमायचं नाही. काल नुसती भाजी वाढत होते तर माझ्याकडे फोटो पेटीवर लावल्यासारखी बघत राहिली. लवकर काय ते कर.

तुझी,
चिमणी


१५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दहाच्या दहा ठीक? माझ्या विभागात? इतकी वर्षं मी ही फेरतपासणी करते आहे, आम्ही चौघं कायम होतो तेव्हासुद्धा दहात एक तरी खोट निघायचीच. पाहुण्यांच्या राज्यात तर तीन-तीन निघाल्या आहेत. आणि तू खुर्चीवरून भांडला नाहीस, जाहिरातीची टिंगल केली नाहीस, पत्र अर्ध्या पानात आटोपलंस आणि मला सगळीच तपासणी करायला सांगितलीस. लहानपणी खिडकीची काच फोडायचास तेव्हाही असाच शहाण्यासारखा वागायचास.

मग मी विचार केला की त्या दहांत कुणाचं पाकीट असेल जे हा मला सांगू शकत नाही. उत्तर सापडायला वेळ लागला नाही. चिमणीला विचारलं नाही. तिने पानात वाढायच्या ऐवजी ताटाबाहेर भाजी वाढली, तेवढ्यावरून समजले.

आता मला सरळ लिही. कुठे आहे, केवढी आहे, पहिल्यात केवढी होती, कडा कशा आहेत, शेजारी काही आहे का. आपल्या धंद्याच्या भाषेत लिही, बहिणीला लिहितोस तसं लिहू नकोस. बहिणीला मग वेगळं पत्र लिही, ते मी नंतर वाचेन.

मला भीती वाटते आहे, हे लिहून टाकते, म्हणजे तुला विचारावं लागणार नाही. रात्रंदिवस इतरांच्या छातीत बघत आले, आणि माझी माझ्या हाताच्या अंतरावर तळघरात पडून होती. सरांचा नियम चुकीचा नव्हता. शेजारच्या टेबलावर माणूस असेल असं धरून तो केलेला होता. माणसं गेली आणि मी नियम तेवढा सांभाळत बसले.

त्या चौघांना शिव्या देऊ नकोस. एकाला मी स्वतः चहा पाजला होता, बिचारा लग्नाला निघाला होता.

तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग, कॉलरबोनच्या मागे. पहिल्या फोटोत अकरा मिलिमीटर, शेवटच्यात चोवीस. कडा खडबडीत, मधे चुना नाही, म्हणजे जुना व्रण नव्हे. फोटोत तरी शेजारच्या लसिकागाठी सुजलेल्या दिसत नाहीत, पण साध्या फोटोचं काय सांगावं, हे तू मला शिकवलेलं आहेस. सर्जनचं उत्तर आलं. सोमवारी सीटी, मग सुईने तुकडा काढून तपासणी. जावई काल स्वतः येऊन चारही पाकिटं घेऊन गेले. मी त्यांना बजावलं की सर्जनच्या हातात चारही एकदम द्या, शेवटचं एकटं मुळीच नको.

हे धंद्याचं झालं.

बहिणीचं वेगळं पत्र लिहायला तीनदा बसलो. पट्टी सोडवली आणि तुझं नाव दिसलं तेव्हा मी ती परत चिकटवली. दुसऱ्या कुणाचंतरी निघेल अशा आशेने, वेड्यासारखा. मग पुन्हा सोडवली.

चौघांना शोधायला लागलो होतो. आम्हा हंगामींना पुरवणाऱ्या एजन्सीकडून नंबर घेतले, दोघांचे फोन बंद. तिसरा म्हणाला की त्याने जे पाहिलं तेच लिहिलं. ते खरंच आहे. चौथा म्हणजे तुझा तो लग्नाळू. सगळं ऐकून त्याने विचारलं की बाई मला चहा देणाऱ्या त्याच का. मी हो म्हटलं. त्याच्यावर ओरडायला फोन केला होता, तो तसाच ठेवून दिला.

अधीक्षकांकडेही गेलो. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि एक तारखेपासून माझ्या जागी येणाऱ्याचं नाव सांगितलं. आठवड्यासाठी येतो आहे म्हणे, चांगला हुशार आहे. मी म्हटलं की हुशार तर आम्ही सगळेच होतो.

चिमणीने मला विचारलं आहे की तुमच्यात कोण कुणाला विचारतं.

माया अशीच ठेव, आणि सोमवारी काही खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस, किंवा ते सांगतील तसं कर. तुला मी काय सांगणार.

तुझा,
धाकटा


२६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या रुग्णालयाच्या खाटेवरून लिहिते आहे. सुईचा निकाल आला, तुझा अंदाज खरा ठरला. गाठ वाईट आहे. परवा काढतील. सर्जन स्पष्ट बोलणारा आहे, मला आवडला. पहिल्या फोटोच्या वेळीच तुम्ही आल्या असतात तर छोट्यात भागलं असतं म्हणाला, आता फुप्फुसाचा वरचा भाग जाईल. शेजारची एक लसिकागाठ त्याला नीटशी आवडलेली नाही, रोग तिथवर पोचला असेल असा संशय आहे. मी तिथल्या तिथे सीटी उलटीपालटी करून बघितली. सरांचा नियम मोडला, आणि मोडून काही बिघडलं नाही.

चिमणी माझ्यासमोर धीट राहते आणि जिन्यात जाऊन रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तिच्यावर लक्ष ठेव.

एक तारखेला तू निघशील. जा. शब्द दिला आहेस तो पाळ, माझ्यापायी मागे राहू नकोस. जाहिरातीचं आता बोलणार नाही, या वेळी खरंच. एवढं मात्र कर. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी माझा फोटो निघेल, मग दर काही महिन्यांनी. तो आपल्याच विभागात काढायचा माझा हट्ट आहे. तेव्हा खुर्चीत कोण असेल मला माहीत नाही. जो असेल त्याच्यासाठी पेटीच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेव की या बाईंची सगळी पाकिटं काढा, तळघरातली धरून. चिकटपट्टी पक्की लाव. पाहुणे येतात-जातात, तेवढा कागद राहू दे.

मला आणखी थोडं जगायचं आहे रे. पूर्वी हे कधी मोठ्याने म्हणावं लागलं नव्हतं.

माया आहे, पहिल्यापासून होती तेवढीच.

तुझी,
ताई


२९ नोव्हेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. आई शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं असेल तर छातीत घातलेल्या नळीचा फोटो काढला का आणि कुणी वाचला. नर्सबाईंना हसावं की रागवावं कळेना. शेजारच्या त्या गाठीचा निकाल दहा दिवसांनी येईल. तोवर सर्जन काही बोलायला तयार नाहीत. आम्ही दिवस मोजत बसलो आहोत.

मागच्या पत्रात तुला टोचून लिहिलं. ते खरं होतं, पण तुझ्याचमुळे ते चार फोटो शेजारी लागले, हेही खरं आहे. नव्या ठिकाणचा पत्ता कळव, निकाल कुठे धाडू?

तुझी,
चिमणी


३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणीला सांग, निकाल इथेच धाड. पत्ता जुनाच आहे, तुझा.

दुसऱ्या रुग्णालयाची माफी मागितली. ते चिडले, पण त्यांना चार दिवसांत दुसरा पाहुणा मिळाला, मला वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही. जाहिरातीचा अर्ज भरला. अधीक्षकांनी विचारलं की किती काळासाठी. मी म्हटलं, बुरशी येईपर्यंत. त्यांना विनोद कळला नाही, पण सही केली. एका माणसाने विभाग भरत नाही, मला माहीत आहे. तू परत आलीस की दोन होतील. तो लग्नाळू पोरगाही विचारतो आहे की इथे कायम जागा आणखी आहे का. मग तीन.

दारावरच्या खाचेत माझी पट्टी घातली आणि सुताराकडून तिला दोन्ही बाजूंनी खिळे मारून घेतले.

तू सांगितलेला कागद पेटीवर लावलेला नाही. ज्याला कागद वाचून आठवण ठेवावी लागेल असा माणूस या खुर्चीत नसेल. सर्जनकडून परत आलेली चारही जुनी पाकिटं तळघरात न धाडता टेबलाच्या खणात ठेवली आहेत. तुझा पुढचा फोटो येईल तेव्हा नावावर पट्टी लावून, इतर नऊ जणांत मिसळून घेईन, म्हणजे सरांचा नियमही मोडायला नको. अर्थात ती वाकडी बरगडी मी आता पट्टीआडूनही ओळखीन, तेव्हा नियम मोडणारच आहे.

आजवर किती हजार फोटोंवर मी ती ओळ लिहिली असेल, कधी पुन्हा वाचूनही बघितली नाही. आता तीन महिन्यांनी तुझा फोटो येईल, मग त्याच्या शेजारी लावायला दुसरा, तिसरा, पुढच्या वर्षीचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा. पहिल्यापासून सगळे लावीन. आणि त्यांतल्या प्रत्येकाखाली बदल नाही असं लिहायला मिळावं, याखेरीज ताई, मला सध्या काहीच नको आहे.

लवकर ये. खुर्ची तुझ्या उंचीवर ठेवली आहे, पाय माझेच लोंबकळताहेत.

तुझा,
धाकटा